‘बरं, येतो मग’

सोमवार, २७ ऑक्टोबर

लिहायला बसले आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. दैनंदिनी त्यांनी लिहावी ज्यांच्या आयुष्यात काही घडते. माझ्या आयुष्यात आजवर फक्त परीक्षा घडल्या, आणि त्याही आता संपल्या आहेत. शिवाय बसमध्ये आपला थांबा आल्यावर ‘जरा सरकता का’ म्हणायला जिची जीभ रेटत नाही, तिने स्वतःची मते कागदावर उतरवावीत हा आगाऊपणाच. पण मते लिहून देण्याचे काम मला साहेबांनी दिले आहे, आणि मते आधी असल्याशिवाय लिहिता येत नाहीत. ती जमवण्यासाठी ही वही.

साहेब म्हणजे इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आमच्या लहानशा कंपनीचे मालक. मी तिथे फोन घेते. अजून कायम झालेले नाही. पुढच्या महिन्यात ठरेल. आज टेबलावरचा जुना काळा फोन उचलून कपाटावर ठेवण्यात आला आणि त्याच्या जागी एक स्मार्टफोन आला. त्यात व्यवसायासाठीचे कॉलिंग ॲप आहे. कंपनीचा नंबर तोच, पण फोन आता या ॲपमध्ये वाजणार.

साहेब म्हणाले, “पंधरा दिवस वापर आणि पहिलं मत लिहून दे. चांगल्या मराठीत. ॲपवाले ते त्यांच्या पानावर टाकणार आहेत, आपल्याला त्याची सवलत मिळणार आहे. तू मराठीत पहिली आलेली मुलगी, तुझ्याशिवाय कोण लिहिणार?”

तर पहिले मत असे, की हे यंत्र माझ्यासारख्या भित्र्या माणसांवर दया येऊन कोणीतरी घडवलेले असावे. घंटी पाण्याचा थेंब पडल्यासारखी हलकी वाजते. फोन उचलण्यापूर्वीच समोरच्याचे नाव, पत्ता आणि मागची तक्रार दिसते. मागच्या वेळी जो माणूस चिडून बोलला असेल त्याच्या नावापुढे लाल ठिपका असतो. माणसांच्या कपाळावर अशी सोय असती तर माझे बालपण पुष्कळ सोपे गेले असते. प्रत्येक संभाषण ध्वनिमुद्रित होते, आणि ते संपताच ॲप त्याचा दोन ओळींचा सारांश लिहून दाखवते. मला ऐकण्यापेक्षा वाचणे केव्हाही सोपे वाटते.

एक दोष आढळला. पडद्यावर ‘प्रतिक्षा करा’ असे येते. ‘प्रतीक्षा’ हवे. ॲप बसवायला आलेल्या गृहस्थांना मी हे सांगितले.

“ताई, एवढं कोण बघतं?” ते म्हणाले.

मी बघते, असे म्हणायचे होते. म्हटले नाही. वहीत मात्र नोंदवून ठेवते.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

कारागिरांच्या फोनमध्येही ॲप घालायचे आहे. त्यातले सर्वांत जुने म्हणजे पक्कडकाका. त्यांच्या मागच्या खिशात बारा महिने पक्कड असते आणि बोलण्यातही ते समोरच्याला सहसा सोडत नाहीत. मी ॲप दाखवत असताना त्यांनी फोन लांब धरून डोळे बारीक केले.

“म्हणजे मी बायकोशी बोललो तरी साहेबांना ऐकू जाणार?”

“नाही काका. फक्त कामाचे फोन.”

“बायकोचे फोन कामाचेच असतात. कामाशिवाय ती कशाला करतेय?”

हिशेबाच्या ताई हसल्या. त्या पलीकडच्या टेबलावर बसतात आणि हसताना आकडेमोड थांबवत नाहीत. “जपून बोला हो पक्कड. आता तुमचं एकेक वाक्य जमा होणार.”

“होऊ द्या की. आजवर बोललो ते सगळं हवेतच गेलं.”

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आज मला मान मिळाला. फोन उचलायला कोणी नसेल तेव्हा ॲप आपण होऊन उत्तर देऊ शकते. त्यासाठी माणसाच्या आवाजातली वाक्ये आधी भरून ठेवावी लागतात. साहेबांनी हे काम मला दिले. म्हणाले, तुझे उच्चार स्वच्छ आहेत. खिडकी लावून, पंखा बंद करून मी एकेक वाक्य म्हटले. ‘नमस्कार. आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे.’ ‘आमचे कारागीर आपल्याकडे येण्यास निघाले आहेत. कृपया घरीच प्रतीक्षा करावी.’ ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ आणखी पुष्कळ. माणसाला रोज ऑफिसात जे काही म्हणावे लागते, ते बहुतेक सगळे. साहेब शेजारी उभे राहून सुचवत होते. “अजून काय काय बोलतेस तू दिवसभर? सगळं भरून टाक.”

काम संपल्यावर हिशेबाच्या ताई म्हणाल्या, “छान झालं. आता तू आजारी पडलीस तरी अडणार नाही.”

त्या वरून तुटक वाटतात, पण माझ्या प्रकृतीचा विचार इथे त्यांच्याच मनात आला.

सोमवार, ३ नोव्हेंबर

पाणी प्यायला उठले होते. थेंब पडल्यासारखी घंटी वाजली आणि मी पोहोचण्याआधी माझ्याच आवाजाने फोन घेतला. समोरचे गृहस्थ लाल ठिपक्याचे होते. माझा आवाज अडखळला नाही, कापला नाही, ‘अं’ म्हणाला नाही. तो माझ्यापेक्षा कितीतरी धीट आहे. साहेब दारात उभे राहून ऐकत होते. चेहरा इतका प्रसन्न, की मलाच संकोच वाटला.

घरी आईला सांगितले. आई लोकांचे कपडे उसवून मापाचे करून देते. तिच्या तोंडात नेहमी टाचण्या असतात, म्हणून ती मोजके बोलते. तिने टाचण्या काढून विचारले, “आणि तू काय करणार मग?”

नव्या यंत्रांची तिला उगाचच भीती वाटते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

साहेबांनी आज मला आतल्या खोलीत जुन्या करारांच्या फायली लावायला बसवले. फोन ॲपने घेतले. दिवसभरात कोणाशीही बोलावे लागले नाही. सुखाचा दिवस.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आमच्याकडे करार असलेल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, एक वृद्ध बाई एकट्या राहतात. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना जिना उतरता येत नाही. तिथली लिफ्ट बुधवारी बंद पडली. काल त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे होते. दुपारपर्यंत त्यांनी लिफ्ट सुरू होण्याची वाट पाहिली, मग वेळ चुकू नये म्हणून भिंत धरत एकट्या उतरू लागल्या आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पडल्या. उजवे मनगट मोडले.

काल सकाळी पक्कडकाका त्या इमारतीत जाऊन आले होते. तक्रार बाईंच्या नावावर असल्यामुळे त्यांनी बाईंना फोन केल्याची नोंद आहे. ॲपचा सारांश असा: ‘कारागीर सामान घेऊन येणार आहेत.’ या सारांशावरून ॲपने बाईंना आपोआप संदेशही पाठवला: ‘आमचे कारागीर सामानासह आपल्याकडे येत आहेत. कृपया घरीच थांबावे.’

काका त्यानंतर तिकडे फिरकलेच नाहीत.

इमारतीच्या समितीचे सचिव फोनवर इतक्या हळू आवाजात बोलत होते, की ते ओरडत असते तर बरे वाटले असते. काकांचा मला राग आला. एवढी वर्षे काम करून माणसाने शब्द देऊन विसरावे?

सोमवार, १० नोव्हेंबर

आज जे घडले ते क्रमाने लिहिते.

साहेबांच्या खोलीत साहेब, समितीचे सचिव आणि पक्कडकाका होते. ध्वनिमुद्रण ॲपमधून काढून देण्यासाठी मला बोलावले. काका पुनःपुन्हा एकच सांगत होते. “मी येतो म्हणालोच नाही. कसा म्हणेन? लिफ्टच्या पॅनेलमधलं सर्किट कार्ड जळालेलं. आपल्याकडे ते नव्हतं. नुसते हात हलवत जाऊन काय करणार होतो?”

“ऐकू या,” साहेब म्हणाले.

मी बटण दाबले. जवळपास कोठे तरी भिंतीत यंत्राने भोक पाडणे चालू असावे. दोघांचेही बोलणे त्या घरघरीत बुडत होते. ‘कार्ड’ एवढे कळले, मग ‘सामान’ कळले. मग घरघर थांबली आणि अगदी स्वच्छ आले, “बरं, येतो मग.”

साहेबांनी ते पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा तेच.

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. खोटे पकडले गेलेल्या माणसाचा तो नव्हता. आरशात दुसराच कोणी दिसावा तसा होता. ते म्हणाले, “आवाज माझाच आहे. म्हणतोय तर म्हणालो असेन.”

साहेब माझ्याकडे वळले. “तू मराठीत पहिली आलेली. तू सांग, काय ऐकू आलं?”

“ते ‘येतो मग’ म्हणाले.”

“स्पष्ट?”

“स्पष्ट.”

सचिवांनी ते लिहून घेतले. ग्राहकाला खोटे आश्वासन दिल्याबद्दल कारागिराला कामावरून काढले, असे समितीला लेखी कळवायचे ठरले. त्या बदल्यात करार राहणार. काकांनी गोदामाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

संध्याकाळी मी पर्स उचलली आणि नेहमीप्रमाणे म्हटले, “ताई, येते मी.”

“ये,” हिशेबाच्या ताई म्हणाल्या आणि खाली मान घालून आकडे मांडत राहिल्या.

जिन्याच्या मध्यावर माझा पाय थांबला. मी ‘येते’ म्हणाले होते, आणि मी जात होते. ताई ‘ये’ म्हणाल्या होत्या, आणि मी आज परत येईन असे त्यांना मुळीच वाटत नव्हते. हे वाक्य मी बोलता यायला लागल्यापासून म्हणत आले आहे. निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावे, हे मला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही; म्हणूनच बहुधा ते माझ्या ध्यानात आले नाही.

काका निरोप घेत होते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पण हे माझे अनुमान झाले. काकांना आठवत नाही, ध्वनिमुद्रणात घरघर आहे. ते बोलणे ऐकलेली व्यक्ती एकच, आणि तिचा हात मोडलेला आहे. मी प्रश्न कागदावर लिहून काढले, दोनदा मोठ्याने वाचले आणि जेवणाच्या सुट्टीत समोरच्या फुटपाथवर जाऊन माझ्या स्वतःच्या फोनवरून त्यांना फोन केला. आपण होऊन अनोळखी माणसाला केलेला हा माझा पहिला फोन असावा.

“मी लिफ्टच्या ऑफिसातून बोलते आहे,” असे मी म्हटले.

“ओळखला आवाज. तुम्हीच त्या.”

मला ते कळले नाही. मी कागदावरचा पहिला प्रश्न विचारला.

“काय म्हणायचाय तुमचा मेकॅनिक? म्हणाला, बाई, खालूनच बोलतोय, चार जिने चढवत नाहीत आता. माझ्याहून वीस वर्षांनी तरी लहान असेल, आणि चढवत नाहीत म्हणे. कार्ड जळलंय, मागवायला लागेल, दोन दिवस तरी जातील. बरं येतो मग, म्हणाला आणि ठेवला.”

“त्यावरून ते लगेच येतील असे आपल्याला वाटले का?”

“का वाटेल? येतो म्हणाला म्हणजे गेला. मला काय मराठी कळत नाही?”

माझ्या कागदावरचे पुढचे सगळे प्रश्न निरुपयोगी झाले. मी विचारले, “मग आपण थांबलात का?”

“अहो, तुम्ही लेखी पाठवलंत ना. येताहेत, घरीच थांबा. म्हटलं, मिळालं असेल कुठं ते कार्ड. शेजारची दोन मुलं खुर्ची घेऊन दारात उभी होती मला खाली न्यायला. त्यांना कामावर जायचं होतं. तरी मी नुसत्या लेखीवर नाही विसंबले. फोन केला. तुम्हीच उचललात.”

मी कागदाची घडी घातली.

“तुम्ही म्हणालात, कारागीर निघाले आहेत, घरीच प्रतीक्षा करावी. मी विचारलं, नक्की ना? मुलांना पाठवून देऊ का? तर तुम्ही परत तेच म्हणालात, अगदी त्याच सुरात. म्हटलं, किती शांत मुलगी आहे. धीर आला मला. दिलं मुलांना पाठवून.”

“बाई, ती मी नव्हते,” मी म्हटले.

“मग कोण होतं?”

त्यांनी थोडी वाट पाहिली, हात दुखतोय म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

साहेबांना सगळे सांगितले. सलग इतकी वाक्ये मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही.

“म्हणजे ॲप चुकलं म्हणतेस.”

“ॲप चुकले. त्याने ‘येतो’ शब्द बरोबर ऐकला आणि अर्थ उलटा लावला. सोमवारी मीही तेच केले.”

“हे बघ, समितीला लेखी गेलंय. माणूस काढला म्हणून करार राहिला. आता काय कळवू? की चूक माणसाची नव्हती, आमच्या फोनची होती? आणि ती बाईंनी तुझ्या आवाजात ऐकली?” मग ते सौम्यपणे म्हणाले, “पक्कडला जिने चढायचा कंटाळा होता, हे तरी खोटं नाही ना? तू तुझं पहिलं मत शुक्रवारी देऊन टाक. ठरलं होतं तसं, छान लिही. तुझं कायमचं पत्र टाइप होऊन पडलंय, माझी सही तेवढी राहिलीय. वेडंवाकडं काही लिहायच्या आधी घरी आईशी बोल.”

माझ्या आईची आठवण त्यांनी ठेवली.

आईशी बोलले. तिने टाचण्या काढल्या, आणि बराच वेळ पुन्हा तोंडात घातल्या नाहीत.

“तो माणूस आपला कोण लागतो?”

“कोणी नाही.”

“मग आपण भले नि आपलं काम भलं. तू खोटं बोललीस का? नाही. जे ऐकलंस तेच सांगितलंस. साहेबांनी स्पष्ट विचारलं, तू स्पष्ट सांगितलंस. झालं.”

“पण आई, ते चूक होतं.”

“खरं असून चूक?”

“हो.”

“एवढं शिकवायला नको होतं तुला,” आई म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पक्कडकाका हत्यारांची पिशवी न्यायला आले. साहेब बाहेर गेले होते. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि बाईंनी सांगितलेले शब्दशः सांगितले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, मग इतके हसले की हिशेबाच्या ताईंनी मान वर केली.

“म्हणजे मी जातो म्हणायला हवं होतं? आमच्या आईनं थोबाड फोडलं असतं.”

“काका, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत, की निरोप घेत होतो म्हणून?”

“मला कुठं कळलं? निघताना माणूस काय बोलतो ते कोण ध्यानात ठेवतं? माझाच आवाज, मीच ऐकला, आणि मलाच वाटलं, पक्कड, तू म्हातारा झालास, शब्द देऊन विसरायला लागलास. घरी बायकोलाही तेच सांगितलं.” हसणे विरून गेले. “तू सोमवारी बोलली असतीस तर...”

ते वाक्य त्यांनी पुरे केले नाही. “जाऊ दे. चढायला हवं होतं मी. वर गेलो असतो तर फोन करावाच लागला नसता.”

पिशवी खांद्याला लावून ते दारापर्यंत गेले, थांबले, वळून काहीतरी म्हणणार होते. ओठ हलले. मग काही न म्हणताच निघून गेले.

हिशेबाच्या ताई पुष्कळ वेळाने म्हणाल्या, “तो असा कधी गेला नव्हता.” आणि नंतर, हातातले पेन खाली ठेवून, “लिहिणार असशील तर त्या बाईंनाही पाठव. आणि सचिवांना. नुसतं साहेबांना दिलंस तर कपाटावरच्या फोनशेजारी जाईल.”

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी साहेबांनी दोनदा विचारले, झाले का. मी म्हटले, लिहिते आहे. ॲपवाल्या गृहस्थांचाही निरोप आला: ‘ताई, चार ओळी पुरे, पण मनापासून.’ चार ओळींत बसले नाही. जे लिहिले ते इथे उतरवून ठेवते, कारण उद्यापासून ते कोणत्या कपाटात असेल सांगता येत नाही.

‘व्यवसायासाठीच्या कॉलिंग ॲपविषयी माझे पहिले मत.

घंटी हलकी आहे. तक्रारी नीट दिसतात. ‘प्रतीक्षा’ शब्दातील चूक दुरुस्त करावी.

दि. ६ रोजी आमच्या कारागिराने ग्राहकास फोनवरून कळवले, की कार्ड मागवावे लागेल, दोन दिवस लागतील. आणि “बरं, येतो मग” असे म्हणून निरोप घेतला. मराठीत जाणारा माणूस असेच म्हणतो. ग्राहकास ते बरोबर समजले होते. ॲपने त्याचा अर्थ कारागीर येत आहे असा लावला व तसे लेखी कळवले. ज्यावर त्यांनी विश्वास ठेवला ते आमचे लिखाण होते, कारागिराचा शब्द नव्हे. कारागिरांनी चौथा मजला चढायला हवा होता, हा त्यांचा दोष आहे. खोटे आश्वासन दिले, हा नाही. तो ठपका मागे घेऊन त्यांना कामावर परत बोलवावे.

दि. १० रोजी मला विचारण्यात आले तेव्हा मी शब्द सांगितला, अर्थ सांगितला नाही. माझी ती साक्ष अपुरी होती. ती रद्द समजावी.

ॲपमध्ये भरलेली माझ्या आवाजातील सर्व वाक्ये काढून टाकावीत, ही विनंती. आमच्या ग्राहक बाईंनी त्या दिवशी “नक्की ना?” असे विचारले होते. उत्तर देणारा आवाज माझा होता. प्रश्न ऐकायला तिथे कोणी नव्हते.’

साहेब, ॲपवाले गृहस्थ, समितीचे सचिव आणि चौथ्या मजल्यावरच्या बाई, अशा चौघांना पाठवले. बाईंना वाचून दाखवायला कोणी नसेल तर मी स्वतः येऊन वाचेन, असे खाली जोडले.

पाठवले: शुक्रवार, दि. १४ नोव्हेंबर २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.